उजव्या मनगटातून डावी कॅरोटिड : सिमन्स टिकत नाही, काय चुकतंय?

शिकाऊ_न्यूरो :
उजव्या रेडियलमधून (मनगटाची धमनी) मेंदूला जाणाऱ्या चारही वाहिन्यांची, म्हणजे दोन कॅरोटिड (मानेतल्या पुढच्या धमन्या) आणि दोन व्हर्टिब्रल (मागच्या), डीएसए (डाय सोडून एक्स-रे चित्रण) करायची आहे. शीथ (धमनीत बसवायची नळी) ५ फ्रेंच (जाडीचं माप), कॅथेटर सिमन्स २ (उलट्या वळणाचं). उजवी कॅरोटिड आणि उजवी व्हर्टिब्रल बिनबोभाट होतात. डाव्या कॅरोटिडच्या तोंडाशी टोक लागतं, पण वायर वर सरकवली की कॅथेटरचा अख्खा लूप असेंडिंग एओर्टात (महाधमनीचा हृदयातून वर जाणारा भाग) घसरतो. वायर डिसेंडिंगला (महाधमनीचा खाली उतरणारा भाग) जातच नसेल तर सिमन्सचं वळण घडवायचं कसं? आणि कॅथेटर काढताना हातातली धमनी त्यावर आवळते, त्याला उपाय?

आर्चवाला :
आधी आर्च (महाधमनीची कमान) बघा. डावी कॅरोटिड इनॉमिनेटमधूनच (आर्चची उजवीकडची पहिली फांदी) निघत असेल (बोव्हाइन आर्च), तर उजवं मनगट उत्तम. स्वतंत्र निघत असेल आणि तिच्या आणि इनॉमिनेटच्या मधला कोन अरुंद असेल, तर उजवीकडून जाणारं कॅथेटर केसांच्या पिनेसारखं वळतं. वायरचा ताठरपणा ते वळण उघडतो, मागे टेकायला भिंत नसते, म्हणून लूप खाली येतो. दोष हाताचा नाही.

घडवताना एक्स-रेचा कोन एलएओ (डावीकडून तिरपा) ३० अंश ठेवा, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा. वायर डिसेंडिंगला गेली तर कॅथेटरही मागोमाग न्या, वायर दुसऱ्या वळणाच्या अलीकडे ओढा आणि कॅथेटर फिरवत पुढे ढकला. लूप असेंडिंगमध्ये तयार होतो. वायर असेंडिंगलाच जात असेल, तर एओर्टिक व्हॉल्व्हवर तिचा वाकलेला भाग टेकवून टोक डिसेंडिंगकडे परतवा. नजर ईसीजीवर असू द्या. वायर व्हेंट्रिकलमध्ये शिरली की ठोके चुकतात.

घडलेल्या सिमन्सचं गणित उलटं असतं : ओढलं की आत शिरतो, ढकललं की सुटतो. नवखे नेमके इथेच ढकलतात. वायर एक्स्टर्नल कॅरोटिडमध्ये (चेहऱ्याकडे जाणारी फांदी) दूरवर गेल्यावर कॅथेटर हलकेच ओढत पुढे सरकू द्या. नुसत्या डीएसएसाठी मात्र इंटर्नलचा (मेंदूकडे जाणारी फांदी) हट्ट कशाला? कॉमन कॅरोटिडमध्येच (दोन्हींचं खोड) सेकंदाला ४-५ मिली डाय, एकूण ७-८ मिली, रेट राइज (पूर्ण वेग गाठायला दिलेला वेळ) ०.५ सेकंद. राइज शून्य ठेवला तर इंजेक्शनच्या झटक्यानेच टोक बाहेर पडतं.

डाव्या व्हर्टिब्रलसाठी : टोक सबक्लेव्हियनमध्ये (हाताकडे जाणारी धमनी), डाव्या दंडावर बीपीचा कफ फुगवायचा आणि इंजेक्शन द्यायचं.

मनगटी :
आवळण्याचं मूळ बहुतेकदा सुरुवातीला असतं. सोनोग्राफीवर धमनी २ मिमीपेक्षा बारीक दिसली तर ती जागा सोडा. शीथचा फ्रेंच आकडा आतला व्यास सांगतो, गाइडचा (आतून जाणारं जाड कॅथेटर) बाहेरचा. म्हणून ६ फ्रेंच गाइड बाहेरून २ मिमी, पण साधी ६ फ्रेंच शीथ सुमारे २.६ मिमी. पातळ भिंतीची घेतली तर साधारण २.४५.

शीथ बसल्यावर धमनी सैल राहावी म्हणून व्हेरापामिल २.५ मिग्रॅ आणि नायट्रोग्लिसरीन २०० मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये रक्त ओढून, मिसळून, सावकाश. तसंच ढकललं तर हात पेटल्यासारखा होतो आणि तेवढ्यानेच स्पॅझम (धमनी आवळणं) येतो. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) वेगळं. व्हेरापामिल मंद नाडीच्या किंवा कमजोर हृदयाच्या रुग्णाला नको. मग पातळ केलेला ३-४ मिली डाय देऊन हातातल्या धमनीचा रोडमॅप (वाट दाखवणारं एक्स-रे चित्र) घ्या. लूप किंवा दंडातूनच निघालेली बारीक रेडियल असली तर तिथेच कळते.

आवळलं तर ओढू नका, धमनी सोलून हातात येते. शीथमधून पुन्हा नायट्रो, थोडं सेडेशन, गरम टॉवेल, १० मिनिटं थांबा. हाताचा पुढचा भाग सुजून घट्ट लागला तर वायरने फांदी फोडलेली असू शकते; सूज आहे तिथे कफ गुंडाळून सिस्टॉलिकच्या किंचित खाली फुगवा, बोटांचं सॅच्युरेशन बघत राहा.

शिकाऊ_न्यूरो :
थ्रोम्बेक्टमीलाही (मेंदूच्या धमनीतली गुठळी काढायला) हाच मार्ग?

आर्चवाला :
पोस्टीरियर सर्क्युलेशनला (मेंदूच्या मागच्या भागाच्या धमन्या), विशेषतः उजवी व्हर्टिब्रल मोठी असताना, हो. डावी एमसीए (मेंदूतली मधली धमनी), साधा आर्च आणि ८ फ्रेंच बलून गाइड हवा असेल तर सरळ जांघेतून जा. मिनिटं मोजायची असताना मनगटाचा आग्रह नको. एरवीही तीन प्रयत्नांत डावी कॅरोटिड लागली नाही तर जांघ. तयारी आधीच करून, कपड्याने झाकून ठेवा.

कॅथलॅब_ताई :
शेवटी मनगटावर बांधायच्या हवेच्या पट्ट्याचं कुणी लिहिलंच नाही. हिरवी खूण छिद्राच्या जागेवर, १५ मिली हवा, शीथ बाहेर. मग रक्ताचा थेंब दिसेपर्यंत हवा सोडा आणि १-२ मिली परत भरा. त्याच हाताच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून अल्नर (मनगटाची दुसरी धमनी) दाबा. लाट दिसलीच पाहिजे. सपाट रेघ म्हणजे रेडियल पूर्ण दाबली गेली आहे, आणि ती अशीच बंद पडते. डायलिसिसचा रुग्ण असेल तर मनगटाला हात लावण्याआधी नेफ्रॉलॉजीला विचारा, फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी-शिरेचा जोड) त्याच हातावर करायचा असू शकतो.