उत्तर: गर्भपात समर्थक उमेदवाराला ख्रिस्ती मतदाराने मत द्यावं का?

काही जण म्हणतात की गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या उमेदवाराला मत देणं म्हणजे श्रद्धेशी गद्दारी. मला हे अजिबात पटत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतले टीव्हीवरचे गर्भपातविरोधी धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या, पण गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या रूडी जुलियानींना पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्याच गोटातले लोक नाराज झाले. पण राष्ट्राध्यक्षाचं वैयक्तिक मत काय, यापेक्षा तो सर्वोच्च न्यायालयात कुणाला नेमणार हे पाहायला हवं. जुलियानींनी संविधानाचा काटेकोर अर्थ लावणारे न्यायाधीश नेमायचा शब्द दिला होता; असे न्यायाधीश सहसा गर्भपाताचा हक्क संविधानात आहे असं मानत नाहीत. (ते पुढे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच गळाले, ती गोष्ट वेगळी.)

ट्रम्पही १९९९ मध्ये स्वतःला गर्भपात-हक्काचे समर्थक म्हणवत होते. २०२२ मध्ये 'रो' निकाल (गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा निकाल) रद्द करणाऱ्या पाच न्यायाधीशांपैकी तिघे त्यांनीच नेमलेले. मग सांगा, मतदाराने जुनी मुलाखत पाहायची की नेमणुकांची यादी?