नाचणीच्या उद्योगाची नोंदणी कशी करावी आणि भांडवल कोठून उभारावे?

प्रश्न
संगमेश्वर तालुक्यातील आमच्या तीन बचत गटांच्या चाळीस महिला नाचणीचे सत्त्व आणि पापड तयार करतात. पिकवणाऱ्याला चांगला भाव मिळावा आणि उरलेला नफा सभासदांत वाटला जावा, हे दोन्ही हेतू आम्हाला सोडायचे नाहीत. एका सल्लागारांनी देणग्या मिळतील म्हणून कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील, म्हणजे ना-नफा तत्त्वावरची कंपनी सुचवली, तर दुसऱ्यांनी उत्पादक कंपनी, म्हणजे उत्पादकांच्याच मालकीची कंपनी. अडचण अशी की दिवाळीनंतर नाचणीची पोती दारात उतरतात तेव्हा रोख मोजावी लागते आणि दुकानदारांकडील येणे मात्र दोन-दोन महिने अडकून राहते. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
ताई, नफा वाटायचा असेल तर कलम ८ चा विचार सोडून द्यावा, कारण त्या कंपनीला सभासदांना लाभांश देता येत नाही. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो निधी तिला मिळू शकतो, पण तो ठरावीक कामासाठी असतो आणि पोती खरेदी करायला सहसा उपयोगी पडत नाही. उत्पादक कंपनी दहा उत्पादक मिळूनही काढू शकतात आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते, ही मला तिची सर्वांत मोलाची बाजू वाटते. मात्र समभाग अनुदानाच्या (सभासदांच्या भागभांडवलाला सरकारकडून मिळणाऱ्या जोड रकमेच्या) भरवशावर नोंदणी करू नये. २०२० च्या केंद्रीय योजनेत ते १५ लाखांपर्यंत होते, परंतु त्यासाठी सपाट प्रदेशात किमान ३०० आणि डोंगराळ भागात १०० सभासदांची अट होती.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. उत्पादक कंपनीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागधारक होता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. नाशिकजवळच्या मोहाडीतील सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने प्रक्रियेसाठी वेगळी कंपनी ठेवून २०२२ मध्ये तिच्यात युरोपातील गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये आणले; पण त्यामागे दशकभराची उलाढाल होती, आपल्याला आज तो मार्ग नाही.

आमच्या मसाला गटाला अनुदानातून दळणयंत्र मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. मिरचीच्या हंगामात मात्र हातात पैसा नव्हता आणि ते यंत्र चार महिने ताडपत्रीखाली उभे राहिले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की आधी खेळते भांडवल पाहावे: सभासदांचे भाग, गटाची अंतर्गत बचत आणि बँकेकडून यंत्रासाठीच्या मुदत कर्जाऐवजी हंगामापुरते कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे काढता-भरता येणारे कर्ज). लिज्जतची सुरुवातही १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी उसन्या ८० रुपयांवर केली होती.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या बैठकीत प्रत्येकीचा भाग किती असावा हे ठरवू आणि दुकानदारांना निम्मी रक्कम माल उचलतानाच मागू. बँक कॅश क्रेडिट देताना गटांची जुनी हिशेबवही ग्राह्य धरते का, की नव्या कंपनीचा ताळेबंद तयार होईपर्यंत थांबावे लागते?

प्रतिसाद २
आमच्या वेळी शाखेने गटांची तीन वर्षांची परतफेड पाहिली होती. वह्या घेऊन दिवाळीपूर्वीच जावे, कारण मंजुरीला आम्हाला सात आठवडे लागले होते.