शारजातली फसवणूक, दोघेही आपल्याच जिल्ह्यातले: गुन्हा इथे नोंदवता येतो का?

खाडीपट्टा
वाडीतल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. २०२४ च्या गणपतीत गावचाच एक जण शारजाहून आला होता. तिथल्या एसी दुरुस्तीच्या धंद्यात भागी देतो म्हणाला, ट्रेड लायसन्सची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. वडिलांनी इथल्या बँकेतून त्याच्या खात्यात ८ लाख भरले. मुलगा शारजातच नोकरीला, त्याने तिथे आणखी २२ हजार दिरहम रोख दिले. नंतर कळलं की लायसन्सची मुदत आधीच संपली होती. तो माणूस आता भारतात आलाय. पोलिस ठाण्यात मात्र म्हणतात, "गुन्हा तिकडचा, तिकडेच तक्रार करा." हे बरोबर आहे का? आणि दिल्लीची मंजुरी लागते ती कोणी आणायची?

फौजदारी_बाजू
बरोबर नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १(५) सरळ सांगतं की भारतीय नागरिकाने देशाबाहेर कुठेही केलेल्या गुन्ह्याला संहिता लागू होते. जुन्या दंड संहितेत हेच कलम ४ होतं. म्हणून पहिली चौकशी आरोपीच्या पासपोर्टची. त्याने परदेशी पासपोर्ट घेतला असेल आणि हातात नुसतं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असेल, तर तो नागरिक नाही आणि ही वाट बंद. ज्याला फसवलं तो भारतीय आहे, एवढ्यावर आपल्या कायद्याला अधिकार मिळत नाही. इथे बरेच जण गल्लत करतात.

मंजुरीचा विषय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ मधला, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १८८. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की केंद्राची पूर्वमंजुरी खटला चालवण्यासाठी लागते, एफआयआर आणि तपास तिच्यावाचून अडत नाही. ती फिर्यादीने आणायची नसते, प्रस्ताव पोलिसांनी पाठवायचा. नव्या कलमात एक सोयही आहे: आरोपी सापडेल तिथे किंवा गुन्हा नोंदला असेल तिथे प्रकरण चालू शकतं.

ठाण्यात तक्रार घेतच नसतील तर त्याच संहितेच्या कलम १७३(४) खाली फिर्याद लेखी करून पोलिस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच सांभाळून ठेवा. तरी हाललं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) चा अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळली की अर्ज तिथेच लटकतो.

कातळसडा
वरचं सगळं योग्य, पण या प्रकरणात २०८ पर्यंत जायची पाळीच येऊ नये असं माझं मत. "गणपतीत गावी आला होता" या वाक्यातच उत्तर आहे. भूल दिली गावात, ८ लाख निघाले गावच्या खात्यातून. फसवणुकीत जिथे मालमत्ता दिली गेली तिथल्या न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ प्रमाणे अधिकार आहे. मेसेज जिथून गेला किंवा जिथे मिळाला, त्या जागेलाही आहे. गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर केंद्राची मंजुरी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. म्हणून फिर्यादीची सुरुवात शारजापासून करूच नका. आधी गावातली बैठक, कोण कोण हजर होतं, मेसेजची तारीख, पैसे भरल्याची तारीख, आणि मग शारजातले दिरहम त्याच व्यवहाराचा पुढचा हप्ता म्हणून. सगळं १ जुलै २०२४ नंतरचं, म्हणजे नवे कायदे लागू झाल्यावरचं असल्याने कलम न्याय संहितेचं ३१८(४) लागेल. शिक्षा ७ वर्षांपर्यंत, त्यामुळे फिर्यादीच्या मुदतीचा अडसर नाही.

खरी कसोटी पुढे आहे. बचाव पक्ष म्हणेल, धंदा बुडाला, हा दिवाणी वाद. त्याला उत्तर त्या पीडीएफमध्येच आहे. लायसन्सवरची मुदत संपल्याची तारीख आणि व्हॉट्सॲपवर ते आल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवा. मुदत आधी, मेसेज नंतर, म्हणजे पैसे घेतानाच नियत खोटी होती. मात्र पुढे नूतनीकरण झालं होतं का, तेही बघा, नाहीतर हाच पुरावा उलटेल. शारजाच्या आर्थिक विकास विभागाकडून लायसन्सचा उतारा घ्यावा, अरबी असेल तर अधिकृत भाषांतर, मग तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा शिक्का. हे मुलगा तिथे असेपर्यंत उरकून घ्या.

मोबाईल फॉरमॅट करू नका, विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं: भाग अ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक). सर्वांत कच्चा दुवा रोख दिरहमांचा. मुलाच्या पगार खात्यातून त्याच सुमारास तेवढी रक्कम काढल्याची नोंद शोधा.

आणि एफआयआर होताच लुक आउट सर्क्युलरची, म्हणजे आरोपीला विमानतळावर अडवण्याच्या सूचनेची, लेखी मागणी करा. आखातात नोकरी असलेला माणूस कधीही विमानात बसतो.

खाडीपट्टा
फार मोलाचं सांगितलंत दोघांनी. पासपोर्ट भारतीयच आहे. जोडून एक शंका: खोल समुद्रात बोटीवर मारामारी झाली आणि खलाशी नेपाळी असेल तर?

जेटी_मिरकरवाडा
बोट भारतात नोंदलेली असेल तर कलम १(५) चा दुसरा भाग लागतो. तिथे खलाशाचं नागरिकत्व बघत नाहीत, बोटीची नोंदणी बघतात. आपल्या ट्रॉलरवर आणि पर्ससीन जाळ्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी पुष्कळ, म्हणून तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, हे लक्षात ठेवावं. उलट पनामाच्या झेंड्याखालच्या जहाजावर आपला माणूस आरोपी असेल तर तो नागरिक म्हणून कायद्यात येतो, पण त्याच जहाजावरचा परदेशी आरोपी असेल तर तो या कलमात येत नाही.

अंतर महत्त्वाचं. १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, प्रादेशिक समुद्र. ते मोजायचं आधाररेषेपासून (साधारणपणे ओहोटीच्या वेळची किनाऱ्याची रेषा), दीपगृहापासून नाही. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राने १९८१ च्या अधिसूचनेने तेव्हाची दंड संहिता लागू केली होती. पण केरळजवळ २०१२ मध्ये दोन मच्छीमार इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं की १२ मैलांबाहेर अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा. ती जागा किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस मैलांवर होती. म्हणून बोटीवर काही घडलं की आधी जखमीला बघा, व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबरवर तटरक्षक दलाला कळवा, आणि लगेच जीपीएसच्या पडद्याचा फोटो घ्या, अक्षांश, रेखांश आणि वेळ तिन्ही दिसतील असा. प्लॉटरवरचा, म्हणजे बोटीचा मार्ग नोंदवणाऱ्या यंत्रावरचा, ट्रॅक पुसू नका. डेक धुऊ नका, पंचनाम्याला रक्ताचे डाग लागतात. बंदरात आल्यावर "बारा मैलांच्या आत की बाहेर" हा वाद तोंडी सुटत नाही, त्या फोटोवर सुटतो.