देवळालीतली 'स्पीडस्टर' घ्यावी का? जाणकारांनी सांगावं

सिन्नरफाटा_स्पेअर :
देवळाली कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात गाडी विकायला आहे. मालक म्हणतात १९२९ ची फोर्ड मॉडेल ए, 'कस्टम स्पीडस्टर'. दारं नाहीत, टप नाही, मडगार्ड सायकलसारखे बारके. दोन बकेट सीट, त्यांच्या मागे आडवी गोल पेट्रोल टाकी, ड्रायव्हरपुढे ताटलीएवढी काच. रंग लालभडक, पण तो परवाच मारलाय. बोनेटच्या बिजागरीतसुद्धा स्प्रे गेलाय. मागताहेत साडेअकरा लाख.

मी ट्रॅक्टरचे पार्ट विकतो, त्यामुळे लोखंडाला घाबरत नाही. हँडल मारून चालू केली, ठोके मोजता येतील इतकी निवांत चालते. पण आवारात फिरवायला बसलो आणि फजिती झाली. गाडी उभी होती, बाजूची दांडी मध्यावर. ब्रेक समजून मधलं पेडल दाबलं तर गाडी मागे निघाली! दोन कुंड्या थोडक्यात वाचल्या. अॅक्सिलरेटर तर पायाला सापडलाच नाही, तो म्हणे स्टिअरिंगखालच्या दांडीवर.

भाव बरोबर आहे का? कागदांचं कसं? बायको म्हणते, दारं नसलेल्या गाडीला साडेअकरा लाख?

जुनं_लोखंड :
दादा, मधलं पेडल रिव्हर्स असेल तर ती मॉडेल ए नव्हेच. ती मॉडेल टी. 'ए'ला आपल्यासारखाच क्लच, ब्रेक आणि तीन गिअरचा दांडा असतो, अॅक्सिलरेटरही पायात. 'टी'ला पेडल तीनच : डावं पूर्ण दाबलं की लो गिअर, सोडलं की हाय, मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक. आणि 'टी' १९२७ मध्येच बंद झाली, तोवर दीड कोटी बनल्या होत्या. १९२९ कुठून आलं ते विचारा.

नंबर इंजिनच्या ब्लॉकवर डाव्या अंगाला, रेडिएटरचं पाणी आत शिरतं त्या तोंडाच्या वर कोरलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचा. नंतर थोडं ऑइल काढून बोटांवर चोळा. या इंजिनात बेअरिंगचे शेल नसतात, बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून ओतलेला असतो. ऑइलमध्ये चंदेरी चमक दिसली तर दोन लाख बाजूला ठेवा. अंबडला ३१ वर्षं लेथवर काढली, बॅबिट ओतणारा हात आता शोधून सापडत नाही.

अजून एक. हँडल मारताना ठिणगीची वेळ ठरवणारी स्पार्कची दांडी मागे घेतलेली हवी, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला, हँडलभोवती गुंडाळायचा नाही. उलटा झटका आला तर मनगट जातं. पायातला ब्रेक फक्त गिअरबॉक्सच्या पट्ट्यावर चालतो, मागच्या चाकांना लागतो तो हाताचा. ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर. कसारा घाटाचं नाव काढू नका. पंप नसल्यामुळे पेट्रोल उतारानेच कार्बोरेटरला येतं. मूळ गाडीत टाकी सीटखाली असायची, ती कमी भरली असली की लोक चढ रिव्हर्समध्ये चढायचे. तुमच्या गाडीत टाकी उंचावर आहे, तेवढं बरं.

गोदाकाठ_रायडर :
घेऊन टाका भाऊ! गंगापूर रोडला एक चक्कर मारली तरी पैसे वसूल.

पेठरोडवरचा_एजंट :
रायडरभाऊ, ती चक्कर तुम्ही मारा, दंड पण तुम्हीच भरा.

स्पेअरकाका, २०२१ च्या व्हिंटेज नियमात बसायचं तर गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. बसली तर २०,००० रुपये फी, नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची पाटी आणि दहा वर्षांची नोंदणी. तीही रोज भाजी आणायला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. कापून स्पीडस्टर केलेली गाडी मूळ रूपात कशी म्हणायची? साध्या आरसीवर ठेवायची तर मूळ गाडीत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये त्यावर शिक्काच मारलाय. आधी आरसीवर बॉडी कोणती लिहिलीय ते बघा.

सिन्नरफाटा_स्पेअर :
काल संध्याकाळी टॉर्च आणि फडकं घेऊन गेलो. लोखंडकाकांनी सांगितलं तिथेच नंबर आहे आणि आरसीशी जुळतो. १९२९ हे नोंदणीचं साल निघालं. मालक बिचारे तेच गाडीचं साल धरून बसले होते, खोटं बोलत नव्हते. ऑइल काळंकुट्ट, चमक काही दिसली नाही.

बॉडीच्या रकान्यात मात्र 'टूरर', म्हणजे मागेही सीट असलेली उघडी गाडी. मालकांनी सांगितलं, मूळ बॉडीचा लाकडी सांगाडा वाळवीने खाल्ला होता. तेव्हा त्यांच्या वडिलांनी मागचा भाग काढून टाकला आणि नाशिकच्या भद्रकालीतल्या एका पत्रेवाल्याकडून हे सगळं बनवून घेतलं. टाकीच्या शिवणी जवळून पाहिल्या, आपल्याकडच्या पाण्याच्या पिंपाला असते तशीच दुमड. मी समजत होतो अमेरिकेतला माल, आणि निघाला आपल्या भद्रकालीचा! खरं सांगतो, तिथेच माझा भाव वर गेला, पण चेहरा सरळ ठेवला.

कागदांवर बोट ठेवून सहा लाख सांगितले. मालक काही बोलले नाहीत, चहा मात्र दुसऱ्यांदा आला. रस्त्यावर काढणार नाही. ट्रेलरवर आणून दुकानामागच्या शेडमध्ये ठेवीन. बायकोला अजून सहाचा आकडा सांगितलेला नाही.

लोखंडकाका, रविवारी सकाळी आठला बिटको चौकात याल का? बॅबिट तुमच्या कानाने ऐकायचंय. मिसळ माझ्याकडून.

जुनं_लोखंड :
येतो. पण हँडल मी मारणार नाही, माझा अंगठा १९८४ सालीच गेलाय.