पियानोच्या क्लासची फी कशी ठरवू?

सूरसखी: कोथरूडला घरीच शिकवायला सुरुवात करतेय, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पियानो परीक्षेची ग्रेड ८ झालीय पण शिकवायचा अनुभव नाही. ७ वर्षांच्या मुलीची आई फी विचारतेय आणि मला आकडा सांगतानाच अवघडल्यासारखं होतं. तासावर घेऊ का महिन्यावर?

काळी_पाच: महिन्यावरच घे गं, आणि ॲडव्हान्स. मी आधी तासावर घ्यायचे, मग गणपतीत, दिवाळीत, सहामाहीच्या आधी मुलं गायब आणि तो स्लॉट दुसऱ्या कुणाला देताही यायचा नाही, फार त्रास झाला तेव्हा. आता ठरलेली फी, मी सुट्टी घेतली तर लेसन भरून देते, त्यांनी घेतली तर नाही, हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून देते. ७ वर्षांच्या मुलीला अर्धा तास पुरे.

औंधकर: त्यांच्या घरी जाणार असाल तर जास्त घ्या, संध्याकाळी युनिव्हर्सिटी चौकातच किती वेळ जातो! परीक्षेची फी, पुस्तकं वेगळी हेही आधीच सांगा. आणि खरा पियानो असेल तर ट्यूनिंगचा खर्च धरा, पावसाळ्यातल्या दमटपणाने सूर हलतात.

सूरसखी: ट्यूनिंगचं डोक्यातच नव्हतं! आजच मेसेज लिहिते त्या ताईंना.