हॉटेलातलं पाणी आणि बिलातली ओळ: ठाणे-नवी मुंबईकरांनो, माहिती द्या

बाहेर जेवायला गेलं की पाण्याचे वेगळे पैसे लागतात, अशी कुरकुर ठाण्यात आणि खाडीपलीकडे दोन्हीकडे ऐकू येते. कुठे बिलात ‘वॉटर’ लिहिलेलं असतं, कुठे ‘फिल्टर्ड वॉटर’, कुठे माणशी ठरावीक रक्कम. रागाला जागा भरपूर आहेत. इथे हॉटेलधंद्यातल्या, हिशेबातल्या, पाण्याच्या कामातल्या आणि ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी लिहावं: पैसे लागतात कसे, आणि अडवायचे कुठे. हॉटेलांची नावं नकोत.

घोडबंदरचा कॅप्टन

सगळा खेळ पहिल्या मिनिटाचा. वेटर विचारतो, “चिल्ड की नॉर्मल?” गिऱ्हाईक म्हणतं “नॉर्मल”. त्याच्या मनात जगमधलं पाणी असतं, टेबलावर येते फ्रीजबाहेरची सीलबंद बाटली. सील वेटरच फोडतो आणि ग्लासात ओततो. मग बाटली परत जात नाही. म्हणून उत्तर एकच: “जगमधलं साधं पाणी द्या, बाटली नको.” बाटली तरी आलीच, तर झाकणाला हात लागायच्या आत परत पाठवा.

यामागची यंत्रणाही समजून घ्या. ऑर्डर मशीनमध्ये टाकली की केओटी, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, निघते. तिथून आयटम काढायचा तर कारण द्यावं लागतं, बहुतेक ठिकाणी मॅनेजरचा पासवर्डही लागतो. तरी बिल छापायच्या आधी हे सोपं असतं. बिल छापल्यावर ते रद्द करून नवं काढावं लागतं. पैसे घेऊन बिल सेटल झालं की रात्रीच्या हिशेबात गडबड होते, त्यामुळे मॅनेजर टाळाटाळ करतो. तेव्हा पैसे देण्याआधी कच्चं बिल मागा आणि पाण्याची ओळ तिथेच दाखवा. वेटरशी वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

माणशी लागणाऱ्या रकमेची गोष्ट वेगळी. टेबल उघडताना मशीनमध्ये माणसं किती ते भरतात. त्या आकड्याला एखादा आयटम जोडून ठेवला की तो आपोआप बिलात येतो, मग कोणी पाणी प्यालं की नाही हे कोण बघतो? पाच जणांच्या टेबलावर मांडीवरचं बाळही मोजलं गेलेलं असू शकतं.

हिशेबनीस, वाशी

आकड्यात बघू. जेवण 640 रुपये. छापील किंमत 20 असलेल्या दोन बाटल्या, मेनूत प्रत्येकी 60, म्हणजे 120. बेरीज 760. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क 76, झाले 836. त्यावर 5 टक्के जीएसटी 41.80. एकूण 877.80. आता बाटल्या काढून टाका: 120 मूळ, 12 सेवा शुल्क, 6.60 जीएसटी. चाळीस रुपयांचं पाणी 138 रुपये 60 पैशांना पडलं. बाटलीच्या छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो, तो भाग निराळाच.

बिलावर तीन गोष्टी बघा. एक, 15 अंकी जीएसटी क्रमांक. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की करदाता नियमित की कंपोझिशनवाला (छोट्या धंद्यांच्या सवलत योजनेतला) ते कळतं. कंपोझिशनवाल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. तरी बिलात सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) लावलेला असेल तर ती पाण्यापेक्षा मोठी तक्रार आहे. दोन, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक. 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तीन, सेवा शुल्क. ते आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते मार्गदर्शक नियम कायम ठेवले. ते काढायला लावलंत की वरच्या हिशेबातले 79 रुपये 80 पैसे तिथेच कमी होतात. पाण्यावर भांडण्याआधी मी हे सुचवेन.

कलम-कानू

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन गोष्टी आधी बाजूला ठेवा.

पहिली: “हॉटेलने एमआरपीपेक्षा जास्त घेतलं की गुन्हा.” तसं नाही. 12 डिसेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटांच्या बाजूने निकाल दिला. बसायची जागा, वाढणं, भांडी हे सगळं धरून ती एकत्र सेवा आहे, नुसती बाटलीची विक्री नाही. म्हणून वजनमापाचा कायदा तिथे लागू होत नाही, असं त्याचं सार. तेव्हा मेनूत 60 छापलेले असतील आणि तुम्ही बाटली मागितली असेल तर “एमआरपी, एमआरपी” ओरडून काही होणार नाही.

दुसरी: 1867 चा सराई कायदा. त्यात फुकट पाणी पाजण्याची सक्ती आहे म्हणे. तो मुळात धर्मशाळा-सराया चालवणाऱ्यांसाठी. त्यात विहिरी, हौद स्वच्छ ठेवा, पहारेकरी ठेवा, दरांची यादी लावा, अशी कामं सांगितली आहेत. काउंटरवर तो फडकवलात तर मॅनेजर हसेल, आणि बरोबरच हसेल.

खरा मुद्दा असा: न मागितलेली वस्तू बिलात घालणं आणि किंमत आधी न सांगणं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात किमतीची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. साधं पाणी मागितल्यावर “आमच्याकडे ते नाहीच” हे उत्तर मिळालं, मेनूत दर नाही, आणि बिलात मात्र आहे, तर तुमची बाजू भक्कम.

खाऊगल्ली, नौपाडा

पार्सल काउंटरवर बाटली घेतली तर? तिथे कोण वाढतंय?

कलम-कानू

चांगला प्रश्न. निकालाचा आधारच ‘सेवा’ आहे, त्यामुळे पार्सलला छापील किमतीचा आग्रह जरूर धरा. पानपट्टी, किराणा, जनरल स्टोअर यांना तर ती पळवाट अजिबातच नाही. तिथे “कूलिंगचे दोन रुपये” हा प्रकार चुकीचा आहे, फ्रीजचं लाइट बिल दुकानदाराचं. शिवाय एकाच मालावर दोन वेगवेगळ्या छापील किमती ठेवायलाही 2018 पासून बंदी आहे.

फलाट क्रमांक दोन

ठाणे स्टेशनपुरतं: 22 सप्टेंबर 2025 पासून रेल नीर, म्हणजे रेल्वेचं बाटलीबंद पाणी, एक लिटर 14 रुपये, अर्धा लिटर 9 रुपये. स्टॉलवाला “सुट्टे नाहीत” म्हणून 15 घेतो. यूपीआयने 14 पाठवा. ऐकलं नाही तर रेल्वेची हेल्पलाइन 139 किंवा तक्रारीचं रेलमदत ॲप, स्टॉलचा क्रमांक आणि फलाट लिहून.

पाणीवाला, नेरूळ

“पालिकेचं पाणी आम्ही देत नाही, सुरक्षित नसतं,” हे कारण ऐकून घेऊ नका. नवी मुंबईला पालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं पाणी येतं, तेही शुद्धीकरण करून. ठाण्याला भातसेवरच्या पालिकेच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई पालिकेकडून मिळतं. धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी. गाळाची गाळणी, कार्बन आणि यूव्ही एवढं पुरतं. आरओ लावलं तर उलट बरंच पाणी गटारात जातं.

पाणी बिघडतं ते हॉटेलच्या आवारात. तळटाकीचं झाकण सैल, शेजारी ड्रेनेजचा चेंबर. गच्चीवरची टाकी धुतलेली नाही. कार्बनचं काडतूस वेळेवर न बदलल्याने त्यातच जंतू वाढतात, आणि क्लोरीन कार्बनने आधीच काढून टाकलेलं असतं, त्यामुळे पुढच्या नळीत रोखायला काही उरत नाही. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसतो, पण त्याचा जोर वर्षभरात उतरतो. टॅंकर आला तर वेगळीच भानगड. परवानाधारक हॉटेलला पाण्याची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी लागते. “अहवाल दाखवता का?” एवढं विचारा. ज्यांच्याकडे असतो ते लगेच दाखवतात.

वीस लिटरच्या जारमधून पाव लिटरचे 80 ग्लास निघतात. ग्लासला 10 धरले तर एका जारचे 800 रुपये. तेव्हा ‘फिल्टर्ड वॉटर, ग्लास 10’ हा दर पाण्याचा नसून बसण्याचा आहे. घ्या, पण मेनूत छापा.

ग्राहक मित्र, कळवा

तक्रार करायची तर चार फोटो: मेनूचं पाण्याचं पान (तिथे दर नसेल तर सगळी पानं), बाटलीचं लेबल छापील किंमत आणि बॅच दिसेल असं, पूर्ण बिल, पैसे दिल्याचा पुरावा. बिलाचा थर्मल कागद लवकर पुसट होतो, फोटो त्याच दिवशी काढा.

मग 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती आदेश देत नाही, हॉटेलला कळवून समेट घडवते. पाण्याएवढ्या रकमेला बहुधा तेवढं पुरतं. तक्रारीत “फसवणूक झाली” असं मोघम लिहू नका. लिहा: “साधं पाणी मागितलं, नकार दिला, मेनूत दर नव्हता, बिलात 90 रुपये लावले, परत हवेत.” पुढे जायचं तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. हॉटेल लोणावळ्याचं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात चालतं.

मंगल कार्यालय, खारघर

लग्नाच्या हॉलचं कोणी लिहिलं नाही, सगळ्यात मोठं बिल तिथेच होतं. ताटाच्या दरात जारचं पाणी धरलंय का, हे करारात लिहून घ्या. लहान बाटल्या वेगळ्या असतील तर दर खोक्याचा की बाटलीचा, आणि न फोडलेली खोकी परत घेणार का, तेही लिहा. मोजणी रिकाम्या बाटल्यांवर लावू नका, त्या कचऱ्यात जातात आणि आकडा कोणीही सांगतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बंद खोकी मोजा, शेवटी उरलेली मोजा, दोन्ही वेळा घरचा एक माणूस आणि मॅनेजर यांची एकाच कागदावर सही. बाहेरून पाणी आणायला काही हॉल जादा पैसे लावतात. तो आकडा बुकिंगची पावती फाडायच्या आधी विचारा.