हे काम नेमकं कोणाचं? तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात आमच्या टीममधला एक चांगला मुलगा नोकरी सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, दोन वर्षांत माझं काम कुठं संपतं तेच मला कळलं नाही." त्याची लीड मी होते, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा. ऑफिस, दुकान, इस्पितळ, जिथे कुठे चार माणसं मिळून काम करतात तिथला 'कोणी काय करायचं' याचा तुमचा अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, प्रसंग हवा.

सुरुवात माझ्यापासून. मरोळची सॉफ्टवेअर कंपनी, शुक्रवारची रात्र, रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायची. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलवर मी म्हणाले, "बॅकअप घेऊन टाकूया." चूक त्या 'टाकूया'मध्ये होती. 'तू घे' असं मी कोणालाच म्हटलं नाही. डेव्हलपरला वाटलं ऑपरेशन्सवाले घेतील, त्यांना वाटलं डेव्हलपरने घेतला. साडेअकराला रिलीज फसलं आणि हाताशी होता तो आदल्या रात्रीचा बॅकअप. दिवसभराच्या नोंदी लॉगमधून शोधून भरता भरता शनिवारची दुपार झाली.

मग आम्ही रेसी तक्ता केला. प्रत्येक कामासमोर चार रकाने: काम करणारा, त्याचा जाब देणारा, ज्याला विचारायचं तो आणि ज्याला नुसतं कळवायचं तो. जाब देणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव, हा त्यातला कडक नियम. आमच्या पहिल्या तक्त्यात निम्म्या ओळींत दोन-दोन नावं होती. ती खोडताना भांडणं झाली. व्हायलाच हवी होती, तीही खूप आधी. सोडून गेलेल्या मुलाचं नाव नऊ ओळींत होतं. मी ते तेव्हा मोजलं नव्हतं, तो गेल्यावर मोजलं.

परळ, ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर

आमच्याकडे नाव न ठरवणं परवडतच नाही. पोट शिवायच्या आधी मॉप (रक्त टिपायचे कापडी पॅड), गॉज, सुया मोजायच्या, त्या स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हाताशी अवजारं देणारी) आणि फ्लोअर सिस्टर (बाहेरून सामान पुरवणारी) दोघींनी मिळून, मोठ्याने. आकडा फळ्यावर. जुळला नाही तर सर कितीही घाईत असोत, थांबायचं. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया यादी आली, तिच्यात चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगायची असते. सुरुवातीला मोठे डॉक्टर वैतागायचे, "रोज तर भेटतो!" पण एकदा नवीन शिकाऊ डॉक्टर (रेसिडेंट) मुलीने स्वतःचं नाव सांगितलं आणि दहाच मिनिटांत तीच बोलली, "सर, एक मॉप कमी आहे." मॉप आत सापडला. आधी तोंड उघडलं होतं म्हणून तिला ते बोलायचं धाडस झालं, असं मला आजही वाटतं.

डोंबिवली, निवृत्त गार्ड

लोकलमध्ये पुढे मोटरमन, शेवटच्या डब्यात गार्ड. मोटरमनने सिग्नल बघायचा, मी फलाट. माझ्या दोन बेल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. बारा डबे लांब असलेल्या त्या माणसाशी कित्येकदा ओळखही नसायची, तरी काम अडायचं नाही. २०२२ पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. पाटी बदलली, बेल तीच.

काळबादेवी, कापडाच्या पेढीत अकाउंट्स

दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरायचा. मुनीमकाका गावी गेले, जाताना "तेवढं बघून घ्या" म्हणाले. आम्ही तिघं होतो. २३ तारखेला लक्षात आलं. दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. रक्कम फार नव्हती. पण शेठ ओरडले ते माझ्यावर, कारण सगळ्यात नवीन मी होते. जबाबदारी कोणाची ते ठरलेलं नसलं की बोलणी खायला सगळ्यात लहान माणूस पुढे केला जातो, हे मी तिथे शिकले. आता कोणीही रजेवर जाताना काम, तारीख आणि नाव वहीत लिहून, समोरच्याची सही घेऊनच जातो.

बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ऑफिस

मला उलट बाजू सांगायची आहे. आमच्याकडे भूमिका उत्तम लिहिलेल्या होत्या. तरी मीटिंगची टिपणं काढणं, केक मागवणं, नवीन मुलांना सांभाळून घेणं ही कामं कुठल्याच कागदावर नव्हती आणि सगळी माझ्याकडे यायची. टीममध्ये बाई मी एकटीच. अप्रेझलला त्यातलं काहीच धरलं गेलं नाही. शेवटी मी त्यांची यादी केली आणि सरांना म्हटलं, हीसुद्धा कामंच आहेत, वाटून द्या. आता टिपणं आळीपाळीने काढतात. एवढंसं वाटेल, पण मीटिंगमध्ये मान वर करून बोलायला लागल्याला मला आता वर्ष झालं.

कुर्ला, औषधांचं गोदाम

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. गोदामाची किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, ते लोकलमध्ये अडकलेले, फोन लागेना. आम्ही सहा जण दाराबाहेर गुडघाभर पाण्यात. कुलूप तोडायला पहार होती, पण 'तोड' म्हणायचा अधिकार आपला आहे असं एकालाही वाटेना. पाणी कमरेला लागलं तेव्हा तोडलं. खालच्या रॅकमधले खोके तोवर गेले होते.

दाराशी आता पाटी आहे. किल्ली कोणाकडे, तो नसेल तर कोणाकडे, आणि दोघंही नसतील तर हजर असलेल्यांतल्या सगळ्यात जुन्या माणसाने न विचारता कुलूप तोडायचं. त्या तिसऱ्या ओळीखाली मालकांची सही आहे. दरवर्षी मे संपायच्या आत मी ती नव्याने घेतो.